दिलगिरी बाईच्या आवाजात

पनवेल स्टेशनवर हार्बरच्या गाडीची वाट पाहत उभे राहिलात, तर कानावर येणारा आवाज बाईचा असतो. गाडी कोणत्या फलाटावर येणार, कुठे जाणार, हे तीच सांगते. गाडीला उशीर झाला, की दिलगिरीही तीच व्यक्त करते. तिथून एसटी स्टँडवर या. पेणची गाडी लागली, अलिबागची सुटते आहे, हे माइकवरून सांगणारा बहुतेक वेळा पुरुष असतो, खोलीत बसलेला वाहतूक नियंत्रक. मध्येच खोकतो, कंडक्टरला हाक मारतो, गाडी काढायला लावतो. उशिराबद्दल माफी मागणं त्याच्या कामात बसत नाही.

हल्ली घराघरांत आणि मोबाइलमध्ये बोलणारी यंत्रं आली आहेत. त्यांचाही आवाज बहुधा बाईचाच. असं का, याचं उत्तर शोधायला मला आपल्या रेल्वेपासून सुरुवात करावीशी वाटते.

रेल्वेचा आवाज म्हणून ज्या देशभर ओळखल्या जातात, त्या सरला चौधरी मध्य रेल्वेच्याच. १९८२ मध्ये त्या रोजंदारीवर उद्घोषक म्हणून लागल्या आणि १९८६ मध्ये कायम झाल्या. पुढे त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. संगणक आले तेव्हा गाड्यांचे क्रमांक, गावांची नावं, फलाटांचे आकडे असे तुकडे जोडून यंत्रच वाक्य तयार करू लागलं. बाई रेल्वेच्या दुसऱ्या विभागात गेल्या, आवाज मात्र फलाटावरच राहिला. यापुढची गोष्ट आणखी गमतीची आहे. परळी वैजनाथच्या एका तरुणाने या आवाजाची हुबेहूब नक्कल साधली. त्याचा आवाजही रेल्वेच्या घोषणांत वापरला गेला आणि ऐकणाऱ्यांना तो बाईचाच वाटला. म्हणजे बोलणारा पुरुष असला तरी चालतं, पण आवाज बाईचा वाटला पाहिजे.

बाईचा आवाज गर्दीत स्पष्ट ऐकू येतो, असं यावर सांगितलं जातं. पण हाच कान रेडिओच्या बाबतीत वेगळं बोलत होता. १९३३ मध्ये बीबीसीने शीला बॉरेट यांना निवेदिका म्हणून आणलं. श्रोत्यांच्या तक्रारी आल्या आणि काही महिन्यांतच त्यांना हटवलं गेलं. तेव्हा बाईच्या आवाजाला वजन नाही, असं लोकांचं म्हणणं होतं. आपल्याकडे पुणे आकाशवाणीवरून सुधा नरवणे यांनी वर्षानुवर्षं प्रादेशिक बातम्या दिल्या आणि लोकांनी त्या विश्वासाने ऐकल्या. वजनाचा प्रश्न आवाजाचा नव्हता, सवयीचा होता.

बाईच्या आवाजाने आपलं काम करून द्यावं, ही सवय लावली टेलिफोनने. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनला एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामाला लागली. त्याआधी हे काम पोरं करत. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत, एकमेकांत दंगा करत. बायका शांतपणे बोलत, ऐकून घेत आणि कमी पगारात मिळत. मग जगभर एक्सचेंजमधल्या खुर्च्या बायकांनी भरल्या. नंबर जोडून देणं, थांबायला सांगणं, लाइन लागत नाही म्हणून क्षमा मागणं, ही कामं बाईच्या आवाजाला चिकटली. ऑपरेटर गेल्या, त्यांच्या जागी यंत्रं आली आणि यंत्रांनी तोच आवाज घेतला.

हे निसर्गाचं देणं असतं, तर सगळीकडे सारखं दिसलं असतं. पण २०११ मध्ये ॲपलच्या फोनमध्ये सिरी ही बोलणारी मदतनीस आली तेव्हा अमेरिकेत तिचा आवाज बाईचा होता आणि ब्रिटनमध्ये पुरुषाचा. कान दोन्हीकडे माणसांचेच. पुढे २०२१ मध्ये ॲपलने इंग्रजीपुरती ही निवड वापरणाऱ्यावर सोपवली. त्याच वर्षी भारतात अलेक्सा या बोलणाऱ्या यंत्रावर अमिताभ बच्चन यांचा आवाज मिळू लागला, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. बाईचा आवाज यंत्राबरोबर फुकट येत होता.

युनेस्कोने २०१९ मध्ये या विषयावर अहवाल काढला. सिरीला कुणी शिवी दिली, तर ती पूर्वी जे उत्तर देत असे, तेच त्या अहवालाचं नाव आहे. लाजता आलं असतं, तर लाजले असते, असा त्याचा अर्थ. कंपनीने ते उत्तर नंतर बदललं. पण ते कुणीतरी बसून लिहिलं होतं, तपासलं होतं आणि त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. माझी तक्रार आहे ती इथे. बाईचा आवाज यंत्रात असू नये, असं मी म्हणत नाही. त्या आवाजाच्या तोंडी 'हो', 'थांबा' आणि 'माफ करा' एवढंच का लिहिलं जातं, हा माझा प्रश्न आहे.

मध्य रेल्वेकडेच पाहा. साताऱ्याच्या सुरेखा यादव या आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली आणि २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत गाडी हाकणाऱ्या या बाईचा आवाज प्रवाशांनी ऐकला नाही. गाडी उशिरा येते म्हणून दिलगीर असणारीचा मात्र रोज ऐकतो.

तेव्हा यंत्र विकत घेताना आवाज कुणाचा, हे जरूर निवडा. त्यापुढे जाऊन, घरातलं मूल त्या आवाजावर खेकसलं तर त्याला टोका. यंत्राला त्याचं काही वाटणार नाही, पण बाईच्या आवाजाशी कसं बोलायचं, हे मूल तिथेच शिकत असतं.