गळ्यामागची चिठ्ठी



वैशाखाच्या या उकाड्यात मी हिवाळी कपड्यांवर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण माझा विषय थंडीचा नाही, नावाचा आहे.

भरतकाम केलेली कातड्याची बंडी, घोळदार घागरा, वर लोकरीची शाल, या थाटाला पश्चिमेकडे ‘बोहेमियन’ म्हणतात. या शब्दाचा पत्ताच मुळी चुकीचा आहे. भटके रोमा लोक बोहेमिया प्रांतातून आले, असे समजून फ्रेंचांनी त्यांना हे नाव दिले. त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेले, हे पुढे त्यांच्या भाषेवरून कळले. नंतर हेच नाव पॅरिसच्या माळ्यांवर राहणाऱ्या कफल्लक लेखक-चित्रकारांना चिकटले. पुच्चीनीच्या १८९६ च्या ‘ला बोएम’ या संगीतिकेत एक तत्त्वज्ञ आजारी मिमीच्या औषधासाठी आपला जुना ओव्हरकोट विकायला काढतो आणि त्या कोटाचा निरोप घेतो. बोहेमियन हिवाळा म्हणजे मुळात हा असा! त्या कोटाला कोणाची छाप नव्हती; तो ज्याने वापरला त्याचा होता.

आता छापेकडे वळू. चार्ल्स वर्थ या इंग्रज गृहस्थाने १८५८ मध्ये पॅरिसला पेढी काढली आणि चित्रकाराने चित्रावर सही करावी तशी आपल्या नावाची चिठ्ठी कपड्यात शिवली. तोवर शिंपी निनावी असे. वर्थपासून तो कलावंत झाला. यात गैर काही नाही. पंचाईत पुढे झाली. निनावी लोकांचा पोशाख या नावाच्या पेढ्यांना आवडू लागला.

१९६० नंतरच्या दशकात अफगाणिस्तानातले भरतकामाचे मेंढीच्या कातड्याचे कोट लंडनच्या तरुणांच्या अंगावर दिसू लागले. १९७६ च्या हिवाळी संग्रहात ईव्ह सँ लोराँ यांनी रशियन शेतकरणीचा वेश जरी-मखमलीत आणला. त्यांनी निदान रशियाचे नाव घेतले होते. पण रुमानियातल्या बिहोर जिल्ह्याची गोष्ट ऐका. तिथे मेंढीच्या कातड्याची, भरतकामाची बंडी पिढ्यान्‌पिढ्या शिवतात. दिओर या पेढीच्या २०१७ च्या संग्रहात तिच्याशी विलक्षण साम्य असलेला कपडा आला, गावाचे नाव मात्र कुठे नव्हते. वृत्तपत्रांनी त्याची किंमत ३० हजार युरो सांगितली. गावच्या बंडीला ५०० युरो पडत. बिहोरच्या कारागिरांनी हात जोडले नाहीत की मोर्चाही काढला नाही. २०१८ मध्ये रुमानियातल्या एका फॅशन मासिकाच्या साहाय्याने त्यांनी ‘बिहोर कुटूर’ नावाची स्वतःचीच छाप काढली!

आपल्याला हे दूरचे वाटायला नको. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाने तशाच चपला मांडल्या, त्या नुसत्या ‘चामडी सँडल’ म्हणून. महाराष्ट्रातून ओरड झाली तेव्हा प्रेरणा भारतीय असल्याचे पेढीने मान्य केले.

मी उसनवारीच्या विरुद्ध नाही. उसनवारी बंद केली तर जगातला कोणताच पोशाख उरणार नाही. बेतणे, रंग निवडणे, अंगाला बसवणे ही मोठी कामे आहेत, आणि त्यांची सही करण्याचा हक्क पेढीला आहे. पण नावावर जगणाऱ्याने दुसऱ्याचे नाव गिळावे, हे न शोभणारे आहे. गावाची ओळख नोंदलेल्या नावात नसते; ती टाक्यात असते आणि टाक्याला बोलता येत नाही. म्हणून बोलण्याची जबाबदारी छापेवर येते. गळ्यामागच्या त्या चिठ्ठीवर दोन नावांना पुरेल एवढी जागा असते.

आज घरी गेल्यावर आपापल्या कपड्यांवरची चिठ्ठी एकदा वाचून पाहा. तिथे कोणाचे नाव आहे ते दिसेल. कोणाचे नाही, याचाही विचार करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.