खबर, खातरजमा आणि सौदा



लातूरच्या बाजार समितीत सौदा निघण्याआधीच खरेदीदाराच्या मनात भाव ठरलेला असतो. कोणत्या सोयाबीन प्लांटने काल संध्याकाळी दर वाढवला, इंदूरला आवक किती झाली, अकोल्यात तूर काय भावाने गेली, शिकागोचा वायदा रात्री कुठे बंद झाला, हे सगळे बोली सुरू होण्यापूर्वी त्याच्या मोबाइलवर येऊन पडलेले असते. मोठ्या कंपन्या ज्या कामासाठी वेगळा विभाग उघडतात आणि सल्लागारांना भरभक्कम पैसे मोजतात, ते काम मराठवाड्यातला आडत्या पिढ्यानपिढ्या करत आला आहे. स्पर्धक काय करतो आहे, काय करू पाहतो आहे आणि कशापायी अडला आहे, याची माहिती हे व्यापाराचे अर्धे भांडवल आहे. इथे ती माहिती भरपूर येते. तिची खातरजमा करून वेळेत निर्णय घेण्याची शिस्त मात्र फार थोड्या पेढ्यांवर दिसते.

२०२४ चा सोयाबीनचा हंगाम घ्या. १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. तेल महागणार, म्हणजे सोयाबीन चढणार, असा सरळ हिशेब अनेकांनी मांडला आणि माल भरून ठेवला. तेल महागले. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच रेंगाळले.

हिशेब चुकला तो पेंडीपाशी. सोयाबीनच्या दाण्यातून साधारण १८ टक्के तेल निघते. बाकीचा मोठा भाग पेंडीचा. प्लांट सोयाबीनला किती भाव देऊ शकतो, हे पेंड कितीला जाते त्यावर फार अवलंबून असते. आणि पेंडीसमोर तोवर नवा स्पर्धक उभा राहिला होता. मका किंवा तांदळापासून इथेनॉल काढल्यावर मागे जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात आणि पशुखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडू लागला होता. पोल्ट्रीवाल्यांनी पेंडीचे प्रमाण कमी केले, पेंडीचे भाव पडले, आणि तेलाच्या तेजीचा फायदा त्या पडझडीत विरून गेला.

हा चोथा एकाएकी इतका आला कुठून? त्याचे एक मोठे कारण लातूरच्या अगदी ओळखीचे आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंदी घातली. काही दिवसांत ती थोडी सैल झाली, तरी साखर कारखान्यांचा वाटा आखडला तो आखडलाच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट तर कायम होते. ती पोकळी मक्याने भरली, आणि मक्यामागोमाग चोथा आला. डिसेंबरचा तो आदेश लातूरमध्ये सगळ्यांनी वाचला होता, पण साखर कारखान्याची बातमी म्हणून वाचला. मांजरेच्या काठावर ऊस आणि सोयाबीन बांधाला बांध लावून उभे असतात. तरीही कारखान्याच्या बातमीची तेलगिरणीशी गाठ घालून, पुढच्या दिवाळीला पेंडीचे काय होईल, असे विचारणारी माणसे मोजकीच निघाली. त्यांच्या हातात नऊ महिने होते.

स्पर्धक म्हणजे समोरच्या गाळ्यातला व्यापारी, ही समजूत म्हणूनच महागात पडते. लातूरच्या डाळमिलचा खरा सामना म्यानमार आणि मोझांबिकहून येणाऱ्या तुरीशी आहे. म्यानमारकडून वर्षाला १ लाख टन तूर घेण्याचा करार भारताने २०२१ मध्ये केला. मोझांबिकशी तसा करार २०१६ मध्ये झाला होता. म्यानमारच्या यांगोनला जहाज कधी भरले, मोझांबिकच्या नाकाला बंदरातून निर्यात का अडली, हे कळण्यासाठी कोणाच्या कपाटाला हात लावावा लागत नाही. सरकारी अधिसूचना, बंदरांवरची आवक, हवामान खात्याचे अंदाज, कंपन्यांचे ताळेबंद आणि तेजी आल्यावर बड्या ग्राहकांच्या संघटना सरकारदरबारी करत असलेल्या मागण्या, यांतून लागणारी बहुतेक माहिती उघडपणे मिळते.

या शेवटच्या बाबीकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेले होते. पोल्ट्री उद्योग कित्येक आठवडे जाहीरपणे आयातीची परवानगी मागत होता. सरकारने त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकसुधारित सोयापेंड आयातीची वाट मोकळी केली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले. ज्यांनी फक्त सोयाबीनचा बोर्ड पाहिला, त्यांना तो वज्राघात वाटला. ज्यांनी कोंबडीवाल्यांची पत्रके वाचली, त्यांनी माल वेळेत काढला.

त्याच वर्षी २० डिसेंबरला बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. या निर्णयावर मतमतांतरे आहेत. पण त्याचा एक परिणाम फारसा बोलला गेला नाही. वायदा हा तीन महिन्यांपुढचा भाव सगळ्यांना फुकट दाखवणारा फलक होता. तो उतरल्यावर ज्या कंपन्यांची माणसे जगातल्या मोठ्या धान्यबाजारांत बसलेली आहेत, त्यांचे फारसे अडले नाही. उदगीरचा छोटा डाळमिलवाला आणि देगलूरचा शेतकरी मात्र अंधारात राहिला. फलक नसेल तेव्हा स्वतःची नोंदवही लागते, आणि ती ठेवण्याची सवय छोट्यांना मोठ्यांपेक्षा जास्त हवी.

नांदेडकरांनी या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवावी. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८४ मध्ये एनएचएच-४४ हा संकरित वाण बाहेर पडला. शेतकऱ्यांनी त्याला ‘नांदेड-४४’ म्हटले. कोरडवाहू रानात तग धरणारा, रसशोषक किडींना सहज न नमणारा, वेचणीनंतर पुन्हा फुटणारा हा वाण महाराष्ट्राबाहेरही गेला. मराठवाड्याच्या शेतीसंशोधनाने अभिमान बाळगावा असे हे काम होते, आजही आहे.

पण नांदेडच्याच रेल्वेमार्गावर, जालन्यात, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली महिको कंपनी १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मोन्सॅन्टोबरोबर बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी जनुकावर काम करू लागली होती. यात गुपित काही नव्हते. १९९८ मध्ये चाचण्यांवरून देशभर वाद पेटला, कर्नाटकात चाचणीची शेते जाळली गेली. २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीने कहर केला तेव्हा काही शेते मात्र शाबूत उभी होती. तपासणीत नवभारत-१५१ या वाणात विनापरवाना बीटी जनुक निघाले. आपला प्रतिस्पर्धी आपल्या आधी बाजारात उतरला आहे, हे महिकोला त्या शेतांच्या बांधावर कळले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच हंगामांत बीटी नसलेली पाकिटे दुकानांतून हटली. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि राज्य बियाणे महामंडळ महाबीज यांनी हातमिळवणी करून नांदेड-४४ बीटी रूपात आणेपर्यंत दीड दशक लोटले होते. जनुक दुसऱ्याच्या मालकीचे, निधी तोकडा, परवानग्या किचकट, या अडचणी खऱ्याच. शास्त्रज्ञांना दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र १९९८ मध्येच या घडामोडींची दखल घेऊन ‘आपल्या वाणाचे पाच वर्षांनी काय होणार’ असा प्रश्न त्या यंत्रणेत कोणाच्या तरी नावावर असता, तर निदान वाटाघाटी लवकर सुरू झाल्या असत्या.

आगाऊ अंदाजाच्या बाबतीत हळदीवाल्यांची जागा त्या मानाने बरी. पीक नऊ महिन्यांचे. जूनमध्ये लागवड झाली की फेब्रुवारीनंतर काढणी. मे-जूनमध्ये बेणे किती विकले गेले, हे निजामाबाद, वसमत, सांगली आणि इरोड इथून ज्याने विचारून ठेवले, त्याला पुढच्या वर्षीची आवक आधीच दिसू लागते.

आता एका सीमारेषेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. स्पर्धकाची उघड माहिती गोळा करणे हा व्यवसाय आहे. त्याच्या कामगाराला पैसे देऊन फॉर्म्युला काढणे ही चोरी आहे. आणि स्पर्धकाबरोबर बसून उद्याचा दर ठरवणे हे संगनमत आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याने त्याला जबर दंड ठेवला आहे. ज्या अमेरिकी एडीएम कंपनीच्या एका भारतीय शाखेच्या नावातच लातूर आहे, त्या कंपनीने १९९६ मध्ये लायसिन आणि सायट्रिक आम्ल यांच्या दरसंगनमताबद्दल अमेरिकेत १० कोटी डॉलर दंड भरला. लायसिन कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालतात. कंपन्यांच्या बैठका तपास यंत्रणा चोरून टिपत होती आणि पुढे वरिष्ठ अधिकारी तुरुंगात गेले. दर ठरवून बोली लावली तर तोटा फक्त शेतकऱ्याचा होतो असे कोणी समजू नये. ज्या बाजारात भाव खोटा, त्या बाजारातली खबरही खोटी, आणि मग तिथल्या व्यापाऱ्यालाही खरे काय ते कळेनासे होते.

१९७२ चे उदाहरण संगनमताच्या उलट बाजूचे आहे. सोव्हिएत संघाचे पीक बुडाले होते. त्यांच्या खरेदीदारांनी अमेरिकेत जाऊन एकेका धान्य कंपनीशी गुपचूप वेगवेगळे सौदे केले. प्रत्येक कंपनीला आपलाच सौदा मोठा वाटला. एकूण खरेदी किती, हे कोणालाच दिसले नाही. मग गव्हाचे भाव भडकले. त्यानंतर अमेरिकेने निर्यात सौद्यांची साप्ताहिक नोंद जाहीर करणे बंधनकारक केले आणि १९७४ पासून उपग्रहावरून परदेशी गव्हाचा अंदाज बांधण्याचा प्रकल्प हाती घेतला. कंपन्यांची हुशारी कमी पडली तिथे सार्वजनिक माहिती उभी करावी लागली. आजही शिकागोचा बाजार अमेरिकी कृषी खात्याच्या मासिक अहवालाची वाट पाहतो.

आपल्याकडे सरकारनेही खबर ठेवणे सुरू केले आहे. २ जून २०२३ ला तूर आणि उडदावर साठामर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २०० टन. साठा संकेतस्थळावर जाहीर करणेही आले. म्हणजे डाळमिलची माहिती दिल्लीला आहे. ती एकत्रित स्वरूपात, कोणाचेही नाव न घेता, लातूरला आणि नांदेडला परत मिळावी, ही मागणी रास्त आहे.

प्रत्येक पेढीने आणि प्रत्येक शेतकरी उत्पादक कंपनीने या कामासाठी एक माणूस नेमावा, अर्धवेळ का होईना. त्याने तारीख घालून अंदाज लिहावा, कशावरून बांधला ते लिहावे, आणि हंगाम संपल्यावर मालकासमोर ताळा मांडावा. मालकाच्या मताविरुद्ध लिहिण्याची त्याला मोकळीक हवी. नाहीतर मालकाला ऐकायचे आहे तेवढेच त्या वहीत येईल.

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक मासिक पत्रिका काढावी, असा ठराव या सभेपुढे येत आहे. आकडे एखाद्या महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागाने गोळा करावेत, मागच्या महिन्याचे आणि सर्वांचे मिळून द्यावेत. पुढच्या दराबद्दल तिच्यात एक अक्षरही नसावे, म्हणजे कायद्याचा प्रश्न येणार नाही. ती शेतकरी उत्पादक कंपन्यांना विनामूल्य मिळावी. पहिला अंक नवी आवक सुरू होण्याआधी, सप्टेंबरच्या मध्याला यायला हवा. त्यात सोयाबीनचे पेरणीक्षेत्र, प्लांटकडचा एकूण शिल्लक साठा आणि पेंड व डीडीजीएसचे सरलेल्या महिन्यातले दर एवढे दिले, तरी काम सुरू करता येईल.