बाईच्या हृदयाची तपासणी
(लोणी काळभोर येथे झालेल्या बायकांच्या बैठकीत एका इको-तंत्रज्ञ मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी हृदयाची सोनोग्राफी करते. तिला आपण ‘इको’ म्हणतो. पोटाची सोनोग्राफी आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे, कारण बाळंतपणात ती होतेच. हृदयाचीही असते, हे मात्र पुष्कळ जणींना नवऱ्याला किंवा सासऱ्याला अ‍ॅटॅक आल्यावरच कळतं. आपली स्वतःची इको करायला बाई क्वचितच आपणहून येते. का, याविषयीच मला आज बोलायचं आहे.

आधी हे काम काय आहे ते सांगते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. आमच्या यंत्रातला आवाज त्याच्या कितीतरी पलीकडचा, सेकंदाला लाखो कंपनांचा असतो. तो छातीत जातो, हृदयाच्या भिंतींवर, झडपांवर आपटून परत येतो आणि त्याचं पडद्यावर चित्र होतं. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, दुखत नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावी इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ, या दोघांनी हे पहिल्यांदा केलं. जहाजाच्या कारखान्यात धातूतली भेग शोधायला जसं यंत्र वापरतात, तसलंच उसनं आणलेलं यंत्र त्यांनी हृदयावर लावलं. एडलरना हवी होती ती मिट्रल झडपेची माहिती. ही झडप आपल्या बायकांच्या फार जवळची आहे. कशी, ते सांगते.

लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. घरात म्हणतात, ‘होईल बरं.’ सांधे बरे होतातही. पण या संधिवाताच्या तापाने काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. पुढे वर्षानुवर्षं झडप जाड होत, आकसत जाते. मिट्रल झडप अशी आकसण्याचा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. मुलगी शाळेत जाते, शेतात खुरपते, तिचं लग्न होतं, तोवर कुणाला पत्ता नसतो. दिवस गेले की अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. एवढं रक्त अरुंद झडपेतून जाईना, की ते मागे फुप्फुसात तुंबतं. बाईला दम लागतो, रात्री आडवं झोपवत नाही, उठून बसावं लागतं. आणि तिला घरचे काय सांगतात? ‘पोटुशी बाईला दम लागतोच.’ ‘रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा.’ रक्त कमी असेलही, ते तपासायलाच हवं. पण त्यापुढे विचारच थांबतो.

माझ्या टेबलावर अशी बाई येते तेव्हा बहुधा सातवा-आठवा महिना असतो. झडप हलताना बघितली की मला कळतं, हे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं दुखणं आहे. लहानपणीच निदान झालं असतं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन घेऊन पुढचं नुकसान पुष्कळ टळलं असतं. आजही उपाय आहेत. अनेकींची आकसलेली झडप फुग्याने उघडता येते. पण आधी कुणीतरी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावायला हवा.

आता टेबलावर काय होतं ते बोलूया. इकोसाठी डाव्या कुशीवर झोपावं लागतं, डावा हात डोक्याखाली. छाती उघडी करावी लागते. प्रोब स्तनाच्या खाली, कडेला दाबून धरल्याशिवाय चित्र मिळत नाही. बाया शरमेने अंग चोरतात. एका मावशींनी मंगळसूत्र काढायचं म्हणून तपासणीच नको म्हटलं. काढावं लागत नाही, नुसतं बाजूला सारलं की झालं! खोलीत तपासणारा पुरुष असेल तर एखादी बाई डॉक्टरांची चिठ्ठी तशीच पिशवीत घालून घरी जाते. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण दार लावलेलं नाही, पडदा नाही, अंगावर घ्यायला चादर नाही, वॉर्डबॉय आत-बाहेर करतोय, अशा खोलीत कोण शहाणी बाई छाती उघडी करेल? मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे मी एक चादर आणि एक पडदा मागितला होता. तो मिळायला सहा महिने लागले. यंत्र लाखो रुपयांचं होतं.

याच यंत्राची दुसरी बाजूही आपल्या चळवळीला ठाऊक आहे. हृदय दाखवणारा आवाज गर्भही दाखवू शकतो. म्हणून गर्भ दाखवू शकणारं यंत्र, मग ते हृदयासाठी का घेतलेलं असेना, नोंदणीशिवाय विकता येत नाही. हा कायदा आयता मिळालेला नाही. महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, तो बायकांच्या आणि आरोग्याच्या संघटनांनी रेटा लावला म्हणून. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तो कागदावरच राहतोय म्हणून २००० साली सेहत, आपल्या पुणे जिल्ह्यातली मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायदा कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या.

मला आजही सुनेबरोबर आलेल्या सासूबाई हळूच विचारतात, ‘अगं, जरा खाली पोटावर लावून बघ ना.’ मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवते. पण सुनेच्या तोंडाकडेही बघते. बहुतेक वेळा ती मान खाली घालून असते. गरोदर बाईवर नवऱ्याची किंवा घरच्यांची जबरदस्ती झाली असं कायदाही धरूनच चालतो. ज्या बाईच्या हृदयासाठी हे यंत्र चालू केलंय, तिच्या हृदयाचं काय, हे घरातलं कुणी विचारत नाही.

शेवटी आम्हा काम करणाऱ्यांविषयी. दिवसभर प्रोब दाबून धरून खांदा आणि मनगट धरतं. जगभर हे काम करणाऱ्यांचं हे दुखणं आहे. तरी उंची बदलणारं टेबल, मध्ये थोडी विश्रांती मागितली की ‘बसूनच तर काम आहे’ असं ऐकावं लागतं. २०२१ साली आमच्यासारख्या आरोग्य-व्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यातली शिक्षणाची, नोंदणीची व्यवस्था प्रत्यक्षात यावी म्हणून आम्हालाही संघटित व्हावं लागेल.

तुमच्या गटांकडून मला तीन गोष्टी हव्यात. गावात गरोदर बायांची तपासणी होते तिथे वजन-रक्ताबरोबर छातीही तपासतात का, ते बघा. घसा दुखून सांधे सुजलेली मुलगी दिसली तर तिला डॉक्टरकडे न्या, लग्नापर्यंत थांबू नका. आणि कुठल्याही दवाखान्यात इकोसाठी गेलात तर दार, पडदा, चादर आणि सोबत एक बाई, हे मागून घ्या. एकीने मागितलं तर तिला नखरेल म्हणतील. दहा जणींनी मागितलं तर पडदा लागेल.