बैलाला पोळा, भुऱ्याला काय?

दोन-चार चेहरे सोडले तर इथं मी कुणालाच ओळखत नाही. पण तुमच्या मंडळाच्या चिटणीसबाई फोनवर म्हणाल्या, “आमच्यातल्या अर्ध्यांकडे कुत्रा आहे, उरलेल्यांच्या आईवडिलांकडे गावाला आहे. त्यावर बोला.” तेव्हा कुत्रा पाळावा की नाही, सकाळी फिरायला कुणी न्यायचं, ही भांडणं तुमच्या घरी होऊन गेली असं मी धरतो.

मला बोलायचंय बैलाबद्दल. (हशा) हसा, पण ऐका. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात, त्याला जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, पुरणपोळी. त्याचा तो हक्कच आहे. पण त्याच कोठ्याच्या दारात जो बसलेला असतो, रात्रभर तुरीतून रोही अन् रानडुकरं हाकलून आलेला, त्याचं काय? दत्ताचं माहूर आम्हाला नदीपलीकडे. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आम्ही हात जोडतो आणि पायरीवरच्या कुत्र्याला हाड् म्हणतो. नेपाळात तिहार सणात, साधारण आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास, कुत्र्याला टिळा लावून हार घालतात. तुम्ही इथं जर्मनीत त्याच्यासाठी नगरपालिकेला कर भरता, म्हणजे कागदावर तरी तो आहे.

(प्रश्न : अवनी वाघिणीसाठी कुत्रे आणले होते, ते तुमच्याकडचेच का?)

नाही हो. ते २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात त्या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीचा माग काढायला आणलेले, गोल्फपटू ज्योती रंधावांचे केन कोर्सो जातीचे. वर्तमानपत्रांत फोटोबिटो. त्यांच्यामुळे वाघीण काही सापडली नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली. त्या जंगलालगतच्या गावांत वाघाचा वास आला की आधी गावठी कुत्रंच सांगतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही. असो, भरकटलो.

आमचा कुत्रा भुऱ्या असाच गावठी. कापूस घरात भरला की गंजीवर चढून झोपायचा, उतरायचा तेव्हा मिशांना कापूस. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस त्याला चालत नसे. घरचा असो की परका, भुंकून जीव घ्यायचा; पंप उतरवला की लगेच शेपूट हलवत पायाशी.

एका पावसाळ्यात त्याला ताप आला, भाकरीला तोंड लावेना. मग आपोआप बरा झाला. हिवाळा मजेत गेला. पुढच्या उन्हाळ्यात नाकातून रक्त यायला लागलं, हिरड्या पांढऱ्याफट्ट. डॉक्टरांनी रक्त तपासलं; प्लेटलेट जवळजवळ संपलेल्या. गोचीडताप. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडातून येतो, पहिला ताप उतरला तरी महिनोन्महिने अंगात दबा धरून राहतो आणि शेवटी हाडांतल्या मगजावर, जिथं रक्त तयार होतं तिथंच, घाला घालतो. सुरुवातीला सापडला तर डॉक्सिसायक्लिनच्या तीन-चार आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक कुत्री बरी होतात. भुऱ्याचा आजार त्यापुढं गेला होता. मृगाच्या आधीच गेला. धुऱ्यावर पळसाखाली त्याला पुरला.

माती लोटता लोटता शेजारचा म्हणाला, “कुत्र्याले गोचीड असतेच ना भाऊ, बैलाले असती तं गोष्ट वेगळी.” हीच गोष्ट मला सलते. बैलाच्या मानेवरून, जांघेच्या बाजूनं रोज हात फिरतो, दिसलं गोचीड की उपटलं. कुत्र्याच्या कानात कोण बघतो? आणि गंमत पाहा, बैलावरचं नेहमीचं गोचीड पिल्लापासून मोठं होईस्तोवर बैलाच्या अंगावरच राहतं. कुत्र्यावरचं तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडतं, भिंतीच्या भेगेत कात टाकतं, पुन्हा चढतं, असं करत तीनदा रक्त पितं. शेवटी मादी त्याच भेगेत हजारो अंडी घालते. म्हणजे नुसतं उपटून भागत नाही, भिंतही बघावी लागते. बैलाचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावतात तेही थांबवा. प्रमाण चुकलं की विषबाधा होते.

(प्रश्न : आईबाबांचा कुत्रा इकडे आणता येईल का?)

येईल. चिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी, आणि नमुना दिल्यापासून तीन महिने थांबायचं. पण ताई, शेतात हुंदडणारा गडी तुमच्या तिसऱ्या मजल्यावर काय करेल? आणि आईबाबांना रात्री सोबत कुणाची?

त्यापेक्षा हे करा. रविवारी घरी फोन लावाल तेव्हा बीपी-शुगर विचारून झालं की विचारा : कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात पाहिलं का? हिरड्या गुलाबी आहेत ना? ताप येऊन गेला असेल, तर तो बरा दिसत असला तरी रक्त तपासून घ्यायला सांगा. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते, म्हणून म्हातारी माणसं संकोचतात. कुत्र्यालाही त्याच रांगेत न्यायचं असतं, हे त्यांना तुमच्याकडून कळू द्या.