डोक्यावर समुद्र, डोक्यावर गच्ची
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी आज बरेच जण सांगतील. मी जरा मुंबईची वाट घेऊन सक्करदऱ्याला येतो.

मागे मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्याने आम्हाला कोस्टल रोडच्या बोगद्यातून नेलं. प्रियदर्शिनी पार्कजवळ आत शिरलो, मरीन ड्राइव्हला बाहेर निघालो. अंतर फक्त 2.07 किलोमीटर, पण वाट मलबार हिल आणि गिरगाव चौपाटीजवळच्या समुद्राखालून. सौ. हळूच म्हणाली, "अहो, वर पाणी आहे न? मग गळलं तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हा बोगदा 'मावळा' नावाच्या यंत्राने खोदला. त्याचा व्यास 12.19 मीटर, म्हणजे जवळपास आपल्या चार मजल्यांएवढा! जानेवारी 2021 मध्ये काम सुरू झालं, दुसरा बोगदा मे 2023 मध्ये आरपार झाला. यंत्र पुढे खणतं आणि मागे काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसवत जातं. तुकड्यांमधलं रबर दाबलं गेलं की पाणी अडतं. तरी थोडं झिरपतंच. म्हणून अशा बोगद्यात सर्वांत खोल जागी पाणी गोळा करून ते पंपाने उपसतात. मार्च 2024 मध्ये वाहतूक सुरू झाली आणि मे महिन्यातच सांध्यांतून ओल दिसली. लगेच दुरुस्ती हाती घेतली गेली.

अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर ही शेजारची शहरं. त्यांना जोडणारा नदीखालचा रस्ता 1930 पासून सुरू आहे. बांधणारे केव्हाच गेले, सांभाळणारे बदलत राहिले.

आता आपलं. मी खजिनदार असताना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव दोनदा पुढे ढकलला. बँकेतला माणूस, मुदत ठेव मोडायला जीव होत नव्हता. तिसऱ्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या देवघरात पाणी टपकलं. खर्च दुपटीवर गेला. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. आज सर्वांसमोर त्यांची माफी मागतो.

येत्या सर्वसाधारण सभेत सिंकिंग फंड वाढवायचा विषय आहे. खालच्या मजल्यावाल्यांनो, "आमच्याकडे कुठे गळते?" असं म्हणू नका. मीही तळमजल्यावरच राहतो. माझा हात सर्वांत आधी वर असेल.