परवानगीचा कागद

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्या पदवीवर ज्यांचं नाव छापलंय, ते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात जाऊन आलेले होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसची १९३८ साली रीतसर स्थापना होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीविरुद्ध सत्याग्रह केला, हा त्यांचा गुन्हा. त्या राज्यात साधी सभा घ्यायची, तरी ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान आडवं यायचं. आधी परवानगी, मग तोंड उघडायचं.

निजाम तर राजाच होता, त्याचं नवल नाही. नवल पुढचं आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो आणि सत्तावीस वर्षंही व्हायच्या आत, २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी आली. वर्तमानपत्रांना छापण्याआधी पुन्हा परवानगी घ्यावी लागली. दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव, मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते, स्वतंत्र भारतात विनाखटला डांबणाऱ्या ‘मिसा’ कायद्याखाली गजाआड गेले. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री कोण? आपले नांदेडचे शंकरराव चव्हाण. जायकवाडीचं, विष्णुपुरीचं पाणी पिणाऱ्यांनी त्यांचे उपकार विसरू नयेत. पण म्हणून आणीबाणीच्या त्या एकवीस महिन्यांची नोंद खोडताही येत नाही. त्याच नांदेडातून पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर आणीबाणीविरुद्ध बोलत राहिले, हीही नोंदच.

२८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. त्या चौघांत न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते; एकटे पडले ते न्यायमूर्ती खन्ना. सुनावणीत खन्नांनी विचारलं होतं, की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी उपाय नाही का? सरकारी वकिलांचं उत्तर होतं, नाही. पुढे सरन्यायाधीशपदाची पाळी आली तेव्हा खन्नांना डावललं गेलं.

न्यायालय झालं, आता संसद; त्यासाठी लातूरकडे वळतो. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, खात्यांच्या स्थायी समित्या सुरू झाल्या. विधेयक सभागृहात गोंधळात हरवू नये, चार भिंतींच्या आत सर्व पक्षांनी बसून त्याचं एकेक कलम तपासावं, साक्षीदार बोलवावेत, ही ती सोय. माझ्या मते लातूरने दिल्लीला दिलेली ही सर्वांत मोलाची वस्तू. पण सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. त्या लोकसभेला पाच वर्षं उपाध्यक्षच मिळाला नाही. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात देशाचे तीन नवे फौजदारी कायदे मंजूर झाले. गोंधळ विरोधकांनीही घातला, हे मान्य. पण रिकाम्या बाकांना कोण प्रश्न विचारणार?

हेच चाकूरकर केंद्रीय गृहमंत्री असताना २००४ साली दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायदा रद्द झाला. पेढे वाटणाऱ्यांनी पुढचं पान उलटलं नाही: दहशतवादाची बरीच कलमं तेव्हाच ‘यूएपीए’ या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्यात येऊन बसली. जामीन जवळजवळ अशक्य करणारी अट मागाहून, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये आली. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तर जामीन नाही. खटला उभा राहीपर्यंत माणूस वर्षानुवर्षं आतच. तेव्हा केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होतं. त्यानंतर आलेल्यांनी २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवायची सोय करून घेतली. म्हणून पक्षाचं नाव घेऊन माझ्याशी भांडू नका.

तुमच्यापैकी कुणी वकील व्हाल, कुणी मास्तर, कुणी एमपीएससी होऊन खुर्चीत बसाल आणि सभेच्या परवानगीचा अर्ज तुमच्याच टेबलावर येईल. तो अडवण्याआधी खिशातली आजची पदवी काढा आणि वरचं नाव वाचा. बाकीच्यांनी एवढंच करावं: खासदार गावात आले, की हार घालून झाल्यावर त्यांना विचारा, साहेब, मागच्या अधिवेशनातलं कोणतं विधेयक तुम्ही पूर्ण वाचलं होतं?