पाचवीची शाळा निवडताना

(सायखेडा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

उन्हाळ कांदा काढायचा, चाळी भरायच्या, अशा दिवसांत तुम्ही संध्याकाळी इथे येऊन बसलात. त्यातही आया जास्त दिसतायत, म्हणजे विषय घरातूनच आलेला आहे.

चौथीच्या निकालानंतर आपल्याकडे एक प्रश्न उभा राहतो. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत असली, तर पाचवीला कुठे घालायचं? बहुतेक मुलांच्या बाबतीत हा प्रश्न चहा पिता पिता सुटतो. थोरला जिथे जातो तिथे धाकटा. पण ज्या मुलाला चार वर्षं शाळेत जाऊनही सरळ वाचता येत नाही, त्याच्या आईला रात्री झोप लागत नाही. गप्पा मारायला पुढे, ट्रॅक्टरचा कोणता भाग कुठे बसतो ते तोंडपाठ, मोटर का बंद पडली ते बापाच्या आधी त्याला कळतं. आणि पुस्तक हातात दिलं की घाम फुटतो. आज बोलायचं आहे ते या मुलाबद्दल.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. सरकारी कागदावर विशिष्ट अध्ययन अक्षमता, शिक्षकांच्या बोलण्यात नुसतं ‘एलडी’. ही काही मोबाईलमुळे आलेली नवी गोष्ट नाही. 1896 साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. मुलगा चलाख, गणितात बरा, नजर उत्तम, पण साधे शब्द वाचता येईनात. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. सव्वाशे वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून अशा मुलाला ‘लक्ष देत नाही’ म्हणतो.

दोष डोळ्यांत नाही, बुद्धीत नाही आणि संस्कारांतही नाही. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करायचे आणि ते अक्षराशी जोडायचे, हे काम त्याच्या मेंदूला जड जातं. आता आपली मराठी पाहा. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी काढायची. एकटा र घ्या: ‘कर्म’मध्ये डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरका, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपीसारखा, ‘सुऱ्या’मध्ये आणखी वेगळा. ध आणि घ, भ आणि म यांच्यात फरक केवढासा! आकड्यांचं तसंच. लिहितो 27, दोन आधी. बोलतो सत्तावीस, सात आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांची चेष्टा झाली. अडखळणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्या सूचनेत तथ्य होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पण मग पाचवीच का महत्त्वाची? चौथीपर्यंत एकच गुरुजी किंवा बाई दिवसभर वर्गावर असतात. मूल वाचत नसलं तरी त्याला काय येतं ते त्यांना माहीत असतं. ते प्रश्न वाचून दाखवतात, तोंडी उत्तर घेतात, सांभाळून नेतात. पाचवीला हायस्कूलमध्ये घंटा होते, शिक्षक बदलतात. मराठीचे वेगळे, गणिताचे वेगळे, इंग्रजीचे वेगळे, आणि वर हिंदी. एका माणसाच्या हातातून मूल सहा जणांच्या हातात जातं, आणि सहा जणांचं मूल कुणाचंच राहत नाही. शिवाय आतापर्यंत वाचायला शिकायचं होतं. इथून पुढे वाचून शिकायचं असतं. इतिहास वाचायचा, विज्ञान वाचायचं, गणितातलं शाब्दिक उदाहरणही वाचायचंच. भरीस भर, राज्याने 2023 मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. ढकलगाडी गेली याचा अनेकांना आनंद झाला. त्यांनी या मुलाचा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

अशा वेळी घरात पहिला विचार येतो तो नाशिकच्या मोठ्या इंग्रजी शाळेचा. ‘इथले मास्तर लक्ष देत नाहीत, पैसे भरू, तिथे सुधारेल.’ मी स्पष्ट सांगतो, वाचनाची अडचण असलेल्या मुलाला पाचवीला माध्यम बदलून देणं हा फार महागात पडणारा निर्णय आहे. मराठीत निदान एका अक्षराचा बहुतेक एकच उच्चार होतो. इंग्रजीत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं एका शब्दात ‘रफ’ म्हणवतात, दुसऱ्यात ‘थ्रू’, तिसऱ्यात ‘दो’. जे मूल सरळ वाटेवर अडखळतं त्याला तिथे नेऊन काय मिळणार? त्यात भल्या पहाटे उठून बस. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी आलं की चांदोरीच्या पुलाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. 2019 चा पूर तुम्ही पाहिलाय. सेमी इंग्रजीचाही हट्ट धरू नका. गणित त्याची जमेची बाजू असेल, तर ते परक्या शब्दांत गुंडाळून हातचं का घालवायचं?

दुसरा विचार येतो वसतिगृहाचा. अशाच मुलावरचा ‘तारे जमीन पर’ हा सिनेमा 2007 मध्ये आला, सगळ्यांनी डोळे पुसले. पण त्यातल्या बापानेही शिस्त लागावी म्हणून मुलाला दूर ठेवलं होतं, हे आपण सोयीने विसरतो. आणि त्यात मुलाची अडचण ओळखणारे निकुंभ सर भेटतात, तसे प्रत्येक वसतिगृहात नसतात. आणखी एक सांगतो, त्या सिनेमामुळे लोकांना वाटायला लागलं की अशा मुलात चित्रकार दडलेला असलाच पाहिजे. नसेलही. साधं मूल असेल. त्यालाही वाचता आलं पाहिजे.

मग शाळा पाहायची कशी? स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. साध्या मंगळवारी जा. मुख्याध्यापकांना विचारा: वर्गात प्रकट वाचन कसं घेता? ‘एकेकाने उठून एकेक परिच्छेद वाचायचा’ असं उत्तर आलं, तर पुढे विचारा, ज्याला येत नाही त्याचं काय करता? या एका प्रश्नावर माणूस कळतो. कुणी म्हणेल, ‘दोन दिवस उभं केलं की येतं.’ तिथून चहा न घेता उठा. कुणी म्हणेल, ‘त्याला आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवतो, घरून तयारी करून येतो.’ तिथे थांबा. मग विचारा, फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ पुरला नाही तर दुसऱ्याच्या वहीचा फोटो चालेल का? विज्ञानाच्या उत्तरात आशय बरोबर आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर गुण कापता का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: या मुलाबद्दल मी वर्षभर बोलायचं असेल तर कुणाशी बोलू? एका शिक्षकाचं नाव मिळालं पाहिजे. इमारत, निकालाची टक्केवारी, संगणक कक्ष हे सगळं त्यानंतर. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेतो असं कुणी म्हणालं, तर आठवीपर्यंत तशी चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, हे नम्रपणे सांगा.

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्या राज्याने 1996 पासून अशा मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता नावानिशी आली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे त्या कायद्यात लिहिलेलं आहे. कुणाची मेहेरबानी नाही. अशी मुलं लवकरात लवकर शोधणं ही शाळेची जबाबदारी आहे, हेही त्यातच आहे. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तिसरीतच शिक्षकांनी चाचपणी करावी आणि वयाच्या आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र द्यावं, असं म्हटलं होतं. आपल्याकडे हा कागद कधी आठवतो? दहावीचा फॉर्म भरताना! द्राक्षवाल्यांना सांगायला हरकत नाही: एप्रिलच्या छाटणीनंतर काडीत घड तयार झाला नाही, तर ऑक्टोबरात कितीही औषधं मारा, बागेत नुसता पाला दिसतो. दहावीतली सवलत ही ऑक्टोबरची फवारणी आहे. शिकवणं पाचवीत व्हायला हवं, आणि तेही वेगळ्या रीतीने: ध्वनी सुटे करून, अक्षर बोटाने गिरवत, मोठ्याने म्हणत, रोज थोडं, एकट्याला किंवा दोघातिघांना. तोच धडा दहादा लिहायला लावणं म्हणजे उपचार नव्हे. गावातल्या ट्यूशनमध्येही बहुधा हेच चालतं, म्हणून तिथे पैसे घालण्याआधी विचार करा.

‘प्रमाणपत्र काढलं तर पोराला शिक्का बसेल, उद्या लग्नाला अडचण येईल’, असं आजी म्हणतात. आजींना माझं एवढंच सांगणं आहे, ‘ढ’ हा शिक्का त्याच्यावर दुसरीतच बसलाय, आणि त्याला कुठलीच सवलत नाही.

जूनला आता फार दिवस नाहीत. चौथीच्या बाईंकडून मुलाला काय येतं आणि कुठे अडतं ते एका कागदावर लिहून घ्या, निफाडच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकांना भेटा, तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात कधी जायचं ते त्यांना विचारा. आणि इथे हायस्कूलचे जे मुख्याध्यापक, शिक्षक बसले आहेत त्यांना विनंती: शाळा उघडायच्या आधी एक दुपार काढा, चौथीच्या गुरुजींना बोलवा आणि येणाऱ्या मुलांत न वाचणारी कोण आहेत त्यांची नावं विचारून घ्या. त्याला ना अनुदान लागतं, ना परिपत्रक.